नुसतं वागिमान

"पूर्ण पत्ता टाकलात ना, इबू? आधी नाव, मग ॲट, मग कारखान्याचं नाव?"

"इंगिह, म्बाक."

"जरा वाचून दाखवता?"

इबू मुर्तिनींनी फोनवर सावकाश, एकेक शब्द तोलत वाचून दाखवलं. बापाक वागिमान, मग ॲट, मग कारखान्याचं नाव, टिंब आणि टिंबाच्या पुढचं सगळं. माझ्या कानांना काही खटकलं नाही. पासवर्ड तर त्यांना झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. मी म्हटलं, पुन्हा एकदा करून बघा. त्यांनी केलं, आणि आमच्या सर्व्हरने त्यांना पुन्हा दारातूनच परत पाठवलं.

मी रेत्नो. जावा बेटावरच्या कुडुसमधल्या एका लहानशा कंपनीत लोकांचे मेल सांभाळते. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे इबू म्हणतात, माझ्या वयाच्या मुलीला म्बाक, म्हणजे ताई. चारचौघांत कुणी विचारलं, काय काम करतेस गं, तर मी सांगते, लोकांना त्यांचा पूर्ण पत्ता लिहायला लावते. लोक हसतात. हसू देत. एखाद्या कारखान्याचं स्वतःचं मेलचं यंत्र असतं, जिन्याखाली ठेवलेलं, तेव्हा तिथे नुसतं नाव सांगून भागतं. घरचंच दार ते, 'मी आहे गं' म्हटलं तरी आतून कडी निघते. आमच्याकडे मात्र एकाच सर्व्हरवर शेकडो दुकानं, कारखाने, शाळा, दवाखाने राहायला आहेत. नुसतं 'ऑफिस' म्हणून दार वाजवलंत तर कुणाचं ऑफिस समजायचं? म्हणून नावापुढे ॲट, आणि ॲटच्या पुढे घराचं नाव. बस, एवढंच. मासळीवाल्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना मी हे शिकवलंय, आणि मला शिकवता आलं नाही असं माणूस अजून भेटलेलं नाही, असं मी त्या दिवसापर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

इबू मुर्तिनी काम करतात तो कारखाना समुद्रकाठच्या जेपाराचा, सागवानी खुर्च्या-टेबलांचा. त्यांचं जिन्याखालचं यंत्र समुद्राच्या खाऱ्या हवेने खाल्लं, तेव्हा मालकांचा मुलगा गालिह याने मेलचं सगळं बिऱ्हाड आमच्याकडे हलवलं. जुन्या यंत्राला इबू मुर्तिनी रोज सकाळी एकच शब्द सांगायच्या, 'बापाक'. बापाक म्हणजे वडील; कारखान्यात बापाक एकच, मालक बापाक वागिमान. यंत्र मुकाट्याने उघडायचं. मालकांचा पत्रव्यवहार कितीतरी वर्षं त्यांच्याच हातात होता. मालक जावी भाषेत बोलायचे, इबू ते इंग्रजीत लिहायच्या, आणि त्या लिहिण्यावर नॉर्वेपर्यंत खुर्च्या जायच्या. आता मालक अर्धांगवायूने बसून होते, कारभार गालिह बघत होता, पण परदेशातली जुनी गिऱ्हाइकं पत्र लिहायची ती अजून मालकांच्याच पत्त्यावर.

आणि तो पत्ता उघडत नव्हता. बरं, इबू एकट्याच बाहेर राहिल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण चुकीचं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं की आमचा सर्व्हर चोर समजून त्या कारखान्याची सगळी लाइनच बंद करतो. म्हणजे इबू चुकल्या की हिशेबनीस बंद, गोदाम बंद, शेजारच्या खोलीतला गालिहही बंद. मी लाइन उघडून द्यायची, इबू परत चुकायच्या, परत सगळे बंद. त्या आठवड्यात हेच चाललं होतं.

मी फोन ठेवला नाही तोच गालिहचा आला. मुलगा वाईट नाही, बोलायला नम्र आहे, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला होता. नॉर्वेच्या लोकांची बागेतल्या खुर्च्यांची मोठी मागणी येऊन पडली होती आणि तिला आजच उत्तर जायला हवं होतं, नाहीतर ते दुसरा कारखाना बघणार होते.

"दुपारपर्यंत इबूंना जमलं तर ठीक," तो म्हणाला. "नाही जमलं तर पासवर्ड बदला आणि मला द्या. मी त्यांना घरी बसवतो, म्बाक. किती दिवस सांभाळून घ्यायचं?"

मी म्हटलं, दुपारपर्यंत थांबा. माझ्या हातून काम अर्धवट सुटलेलं मला खपत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे इबू मुर्तिनी मला आवडायच्या. फोनवर कधी घाई नाही, कधी तक्रार नाही, ठेवताना न चुकता 'जेवलीस का' विचारणार. अशी बाई एका ॲटपायी घरी बसते म्हणजे काय?

मी लाइन उघडली, इबूंना परत फोन लावला आणि या वेळी त्या टाइप करत असताना आमच्या सर्व्हरच्या दाराशी काय येतंय ते माझ्या पडद्यावर बघत राहिले. आणि कपाळावर हात मारून घेतला. पडद्यावर आलं होतं, बापाकवागिमान, ॲट, वगैरे वगैरे. एका दमात, बापाकसकट. मघाशी त्यांनी मला तेच तर वाचून दाखवलं होतं. पण मीही ह्याच मातीतली. पंचाहत्तरीच्या माणसाचं नाव कुणी बापाक लावून घेतलं तर ते माझ्या कानाला टोचणार कसं? न लावता घेतलं असतं तर टोचलं असतं.

मला हसू फुटलं. मी म्हटलं, इबू, सापडलं. तो सुरुवातीचा बापाक काढून टाका. पत्त्यात बापाक नाही, नुसतं वागिमान आहे.

फोनवरून आवाज आला, "इंगिह."

इंगिह म्हणजे 'हो जी'; पण आमच्याकडचं हो म्हणजे 'तुमचं बोलणं कानावर आलं' इतकंच. पुढे तसं करतील की नाही ते गुलदस्त्यात. मी पडद्याकडे बघत होते. थोड्या वेळाने दाराशी नाव आलं, पाकवागिमान. बोलताना आम्ही बापाकचं पाक करतो. बाईंनी अर्धा आदर कमी करून बघितला होता. मी म्हटलं, इबू, पाकसुद्धा नको. त्या म्हणाल्या, इंगिह. मग आलं, मुर्तिनी, ॲट. मालकांचं नाव नुसतं लिहिण्यापेक्षा त्यांनी स्वतःचंच नाव पुढे केलं होतं. त्या नावाची मेलपेटी आमच्याकडे नव्हतीच. लाइन परत बंद पडली.

तेव्हा मी उठले, हेल्मेट घेतलं आणि मोटरसायकलवरून जेपाराचा रस्ता धरला. फोनवरून सुटणारं हे प्रकरण नव्हतं.

कारखान्याच्या अंगणात सागाचा भुसा घोट्यापर्यंत साचला होता आणि कोरीवकाम करणारे कारागीर खाली बसून ठोकत होते. समोरच ऑफिसची खोली. आत खिडकीशी इबू मुर्तिनींचं टेबल, आणि टेबलासमोर भिंतीला लागून कोरलेलं मोठं बाकडं. बाकड्यावर बापाक वागिमान बसले होते. पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, मांडीवर निर्जीव पडलेला डावा हात. आजारपणापासून त्यांची माणसांची ओळख पुसट होत चालली होती. मुलाला कधी मुलगा म्हणायचे, कधी कारागीर समजून कामाचं विचारायचे. पण सकाळ झाली की ऑफिसात आणून बसवायचं, हा त्यांचा हट्ट होता. आणून बसवलं की निवांत असायचे.

मी सलाम केला, त्यांनी मान हलवली. इबूंनी माझ्यापुढे आल्याचा चहा आणि तळलेली केळी ठेवली, प्रवासाची चौकशी केली, माझ्या आईची चौकशी केली. त्यांचं वय साठीच्या आसपास, चेहरा शांत, डोक्यावरचा रुमाल नीट टाचलेला. गालिह दारात हाताची घडी घालून उभा होता. चहा होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग मीच खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ ओढली आणि हळू आवाजात बोलू लागले. म्हटलं, इबू, ही तर नुसती अक्षरं आहेत. यंत्राला कुठे कळतोय मान-अपमान?

"यंत्राला नाही कळत, म्बाक," त्या म्हणाल्या. "मला कळतं ना."

मी म्हटलं, बापाकना इथून पडदा दिसतही नाही. त्या म्हणाल्या, मला दिसतो. मी म्हटलं, कार्डावर, कॅटलॉगवर, सगळीकडे नुसतं वागिमानच छापलंय की. त्या म्हणाल्या, छापणाऱ्याने छापलंय, मी नाही. मग जरा थांबून त्यांनी मला सांगितलं की मालकीणबाई हयात होत्या तेव्हा त्यासुद्धा नवऱ्याला गालिहचे वडील म्हणायच्या, मरेपर्यंत नाव घेतलं नाही. म्हणाल्या, आणि मी कोण? मला कोरीवकामाच्या पोरांचा चहा करायला ठेवली होती. बापाकच इंग्रजी शीक म्हणाले, पुस्तकं आणून दिली, ह्या टेबलाशी बसवलं. आता ते समोर बसलेत, त्यांना धड बोलता येत नाही, आणि मी त्यांना गुराख्याच्या पोरासारखं नुसत्या नावाने लिहू?

मला रागही येत होता आणि माया पण वाटत होती. मी उठून गालिहला बाहेर अंगणात घेऊन गेले आणि म्हटलं, माझ्याकडे दुसरा उपाय आहे. पेटीचंच नाव बदलते, पुढे बापाक जोडते. पाच मिनिटांचं काम.

गालिहने एक तयार खुर्ची उचलून उलटी केली. बैठकीच्या तळाला पत्ता डागलेला होता, वागिमान, ॲट, कारखान्याचं नाव. म्हणाला, अशा किती खुर्च्या कुठल्या कुठल्या देशांत गेल्यात ते त्यालाही माहीत नाही. लोक उलटी करून बघतात आणि पत्र लिहितात. हे नाव बदलायचं नाही.

"मग मी आज टाइप करून देते," मी म्हटलं.

"आणि उद्या? रोज कुडुसहून येणार आहात?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "एका बाईला नाव लिहवत नाही म्हणून कारखाना अडलाय, हे मी कारागिरांना कसं सांगू, म्बाक? मला काय त्यांना काढायची हौस आहे? मी त्यांच्या मांडीवर वाढलोय."

त्याचंही चूक नव्हतं. आम्ही आत आलो. गालिह इबूंच्या टेबलासमोर उभा राहिला, मान खाली घालून म्हणाला, इबू, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत. आता विश्रांती घ्या. तुमचं जे काही असेल ते घरपोच येईल. आज गाडी सोडायला येईल.

इबू म्हणाल्या, इंगिह. ह्या वेळचं इंगिह मात्र खरं होतं. त्यांनी ड्रॉवर उघडला, चष्म्याची डबी, जपाची तसबीह आणि एक लहान आरसा काढून पर्समध्ये टाकला, पर्स खांद्याला लावली आणि उठल्या. जाण्याआधी मालकांचा निरोप घ्यायला बाकड्यापाशी गेल्या. आमच्या रीतीप्रमाणे मोठ्यांहून उंच दिसायचं नाही, म्हणून त्या गुडघे वाकवून खाली बसल्या.

बापाक त्यांच्याकडे बघत होते. काय कळत होतं, काय नव्हतं, देव जाणे. उजव्या हाताने त्यांनी टेबलाकडे बोट केलं, रिकाम्या खुर्चीकडे. मग जड जिभेने विचारलं, "मुर, पत्र आलं?"

रोज हेच विचारत असतील. पण मी इबूंचा चेहरा बघत होते, आणि त्या चेहऱ्यावर जे झालं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. मालकांना माणसं कळेनाशी झाली होती, मुलगा कळेनासा झाला होता, पण ह्या खुर्चीत बसते ती मुर आणि तिच्याकडे पत्र येतं, हे अजून कळत होतं. उद्या त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं असतं तर त्यांनी कुणाला विचारलं असतं?

"आलंय, बापाक," इबू म्हणाल्या. "उघडते. पण आधी मला माफ करा. आज आपलं नाव घ्यावं लागतंय. नुसतं."

हे त्या दरबारी जावीत बोलल्या, लग्नाच्या मांडवात बोलतात तसल्या. मालकांनी ऐकून फक्त मान हलवली. इबू उठल्या, पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसल्या. मी घाईघाईने माझ्या फोनवरून त्यांची लाइन उघडून दिली. गालिह काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला.

इबूंना तोंडाने म्हटल्याशिवाय एक अक्षर लिहिता यायचं नाही. सगळी पत्रं त्या अशाच लिहायच्या, मोठ्याने म्हणत, म्हणजे समोरच्या मालकांना ऐकू जावीत. त्यांनी बोटं कळांवर ठेवली, श्वास घेतला. धीर करून काढलेला शब्द जरा मोठाच निघतो. तसा तो निघाला, हाक मारल्यासारखा.

"वागिमान."

"दालेम," बाकड्यावरून उत्तर आलं.

आम्ही तिघंही तिकडे वळलो. बापाक उजव्या हाताने बाकड्याचा दांडा धरून अर्धे उठले होते. इतके दिवस दोघांनी धरल्याशिवाय न उठणारा माणूस. चेहरा वर केलेला, डोळे दाराकडे लागलेले.

दालेम हा शब्द आमच्याकडे लहान मूल म्हणतं, आईने हाक मारल्यावर. पुढे मोठेपणीही म्हणतात, पण आपल्याहून वडील माणसाने हाक मारली तरच. आणि ह्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारू शकेल असं आता होतं कोण? आई गेली, वडील गेले, थोरला भाऊ गेला. अख्ख्या गावाचे ते बापाक. गालिहच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की बापाच्या तोंडून हा शब्द त्याने जन्मात कधी ऐकला नव्हता.

बापाक तसेच अवघडून उभे होते, हाक मारणारं पुढे काय सांगतंय याची वाट बघत. दांड्यावरची पकड सुटू लागली. गालिह पुढे झाला, पण त्याला बघून ते थांबले नाहीत, आणखी उठू पाहत होते. पडले असते.

तेव्हा इबू मुर्तिनी बोलल्या. जिला कळफलकावर एवढासा पाक काढवत नव्हता, ती बाई खुर्चीतून न हलता, अगदी साध्या घरगुती आवाजात बोलली. आया पोरांशी बोलतात त्या बोलीत.

"काही नाही रे. बस तू. बस."

बापाक बसले. गालिहने त्यांची टोपी सरळ केली. त्यांचा चेहरा निवळला होता, कुणीतरी घरात आहे हे कळल्यावर निवळतो तसा.

इबूंनी डोळे पुसले नाहीत. पडद्याकडे वळून त्यांनी ॲट टाकला, कारखान्याचं नाव टाकलं, टिंब टाकलं, पुढचं सगळं तोंडाने म्हणत म्हणत पुरं केलं. पासवर्ड मात्र मनात म्हटला. दार उघडलं आणि अडकून पडलेली पत्रं एकाखाली एक उतरू लागली, त्यात वरतीच नॉर्वेचं होतं.

गालिहने टेबलापाशी जाऊन हात पुढे केला. इबूंनी पडद्यावरची नजर न काढता खांद्यावरची पर्स उतरवून त्याच्याकडे दिली, आणि त्याने ती खिडकीच्या खुंटीला अडकवली.

"बापाक," इबू म्हणाल्या, "नॉर्वेवाल्यांचं पत्र आहे. वाचून दाखवू का आपल्याला?"